इन्व्हर्टरची झालर

चंदीगडात रत्नप्रभाबाईंच्या घरी कोणतीही वस्तू उघडी राहत नसे. फ्रिजला फुलांचं कव्हर, मिक्सरला चौकटीचं, आणि मिक्सरचं कव्हर मळू नये म्हणून त्यावर प्लास्टिकचं. त्यामुळे गच्चीवर सोलरच्या पाट्या बसल्या, आणि त्यांची वीज सरकारी तारेत चालेल अशी करून देणारा इन्व्हर्टर जिन्याच्या खोलीत भिंतीला लागला, तेव्हा त्याला कापूस भरलेलं, झालर सोडलेलं मखमली कव्हर शिवलं जाणं प्रशासकीयदृष्ट्या अटळ होतं.

"वीज आपली झाली की तुझ्या खोलीत एसी, आई. पक्का!" मुलगा निशांत म्हणाला होता. त्या एसीच्या भरवशावर बाई सगळा मे महिना पदराने वारा घेत बसल्या.

पण ऊन चढलं की इन्व्हर्टर बंद. सूर्य कामावर हजर, हा पठ्ठ्या रजेवर.

सून ऋता एकदा चाचरत म्हणाली, "आई, त्याला वारा लागत नसेल का? कव्हर काढून बघितलं तर..."

"तुझ्या माहेरी मिक्सर नागवा असतो, ठाऊक आहे मला. साखरपुड्यालाच पाहिला होता."

ऋताने पुन्हा कव्हरचं नाव काढलं नाही. निशांतने तर ते लहानपणापासूनच काढलं नव्हतं.

तक्रार गेली. वीज खात्याचे श्यामसुंदरजी आले आणि कव्हरवरच्या भरतकामापाशीच थबकले. "वाह माताजी! ये कढ़ाई आपने की?"

"और कौन करेगा? ये बहू?"

लस्सी झाली. लस्सी प्यायल्यावर बाईंचं कव्हर उचलून बघणं श्यामसुंदरजींना शोभेना. त्यांनी मखमलीवरूनच हात फिरवला आणि अहवाल दिला : 'यंत्र तप्त. आवरण सुस्थितीत.'

अहवालावर समिती बसली. उष्णतेचं मूळ कारण सूर्य आहे, असा एकमताने निष्कर्ष निघाला. मात्र सूर्य खात्याच्या अखत्यारीत येत नसल्याने त्याच्यावर कारवाई करता येईना. पाट्या सावलीत हलवाव्यात, ही एका सदस्याची सूचना अजून विचाराधीन आहे. तूर्तास यंत्राचं शीतकरण करावं, असा आदेश निघाला.

बाईंच्या खोलीचा एसी आला तो थेट जिन्याच्या खोलीत बसला. "थोडे दिवस गं, आई," निशांतने भिंतीकडे बघत सांगितलं.

इन्व्हर्टर गारठला आणि दुपारभर वीज देऊ लागला. ती सगळी एसी पिऊ लागला. खात्याने अभिनंदन कळवलं : 'निर्मिती पूर्ण, वापर पूर्ण, शिल्लक निरंक. आदर्श प्रकल्प.'

"माझा एसी त्या डब्याला?" बाई कडाडल्या. "नऊ महिने पोटात मी वागवलं तुला, का त्या डब्याने?"

निशांतने भिंत बदलली. संध्याकाळी बाईंनी आपली खाट उचलवून जिन्याच्या खोलीत टाकली. "एवढं महागाचं यंत्र! घरातलं मोठं माणूस नको का जवळ?"

गारव्यात त्या ऐसपैस आडव्या झाल्या. वर बघतात तो एसी उघडा, अगदी चारचौघांसमोर! उशीखालचा टेप काढून बाई माप घेऊ लागल्या. दारात उभ्या ऋताने निशांतकडे पाहिलं. निशांतने टेपचं दुसरं टोक धरलं.

हसताय? हसा खुशाल. फक्त आधी तुमच्या टीव्हीच्या रिमोटवरचं ते दुकानातलं प्लास्टिक काढून या.