श्रवणयंत्र आणि शेऱ्याचा रकाना

बत्तीस वर्षं आवक-जावक विभागात काढलेल्या माणसाला नोंद कशी ठेवायची ते कुणी शिकवू नये! ठाण्याच्या कचेरीत माझ्या हातून एक कागद कधी गहाळ झाला नाही. गहाळ झाले ते माझे कान, तेही निवृत्तीनंतर, एकेक करून.

गेली सहा वर्षं घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, नुसते ओरडत होते. "बाबा, जेवायला!" "बाबा, फोन!" "बाबा, बाजूला व्हा!" एवढ्यात आमची सून आसावरी मला गुंडाळायची. त्याचं काही नाही. पण हेमा, माझी बायको, पूर्वी जेवणं झाली की दिवसभराचं सगळं हलक्या आवाजात मला सांगायची. एक दिवस म्हणाली, "मला नाही हो ओरडवत आता. घसा दुखतो." संपलं! फार लागलं मला ते. म्हणून यंत्रं घेतली. टीव्हीसाठी नाही आणि भजनासाठीही नाही. बायकोचं हळू बोलणं पुन्हा ऐकायचं होतं, बस्स!

घोडबंदर रोडवरच्या दवाखान्यात कादंबरी मॅडमनी दोन्ही कानांत यंत्रं बसवली आणि म्हणाल्या, "काका, सुरुवातीला त्रास होणार. रोज थोडा थोडा वेळ वाढवा. कुठला आवाज टोचतो ते लिहून आणा, त्याप्रमाणे आपण सेटिंग करू."

लिहून आणा! कुणाला सांगताय, बाई? ठाकुर्लीला घरी पोचायच्या आधी मी लांबडी वही घेतली. पट्टीने रकाने आखले: अनुक्रमांक, वेळ, आवाज कुणाचा, त्रास, शेरा.

आणि त्रास तरी किती! नळ सोडला की धबधबा. पोहे खाल्ले तर खडीवरून चालल्यासारखं वाटायचं. चष्म्याची काडी आणि यंत्र कानामागच्या एकाच जागेसाठी भांडायची. एकदा चष्मा काढला तर डावं यंत्र थेट आमटीत! पण मी हटलो नाही. नोंदी चालू ठेवल्या.

"अ. क्र. ४. सकाळी ७.१०. सूनबाई. मध्यम. शेरा: कर्कश. कमी करावा."

"अ. क्र. ९. दुपारी १.३०. चिरंजीव मुकुल, फोनवर. थोडा. शेरा: आवाज ठीक, मजकूर निरर्थक."

"अ. क्र. १३. रात्री ९.१५. पत्नी. असह्य. शेरा: मूळची राहिलेली नाही. तातडीने दुरुस्ती, अन्यथा बदली."

आता तुम्हीच सांगा, यात काय चुकलं? हेमाचा आवाज यंत्रातून पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायचा. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तोच आवाज असा! सहन होईना मला. म्हणून खाली लाल शाईने दोन रेघा मारल्या. आमच्याकडे लाल रेघ म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं, आधी हे करा!

पंधरा दिवसांनी मॅडमनी घरच्यांना घेऊन बोलावलं. म्हणजे त्यांच्याच आवाजावर सेटिंग करता येईल. मुकुलच्या गाडीतून आम्ही चौघं गेलो. मॅडमनी यंत्रं काढून साफ करायला घेतली, आणि जग एकदम चिडीचूप झालं. मग त्यांनी माझी वही उघडली. त्यांचे ओठ हलताना दिसले. मोठ्याने वाचत असाव्यात.

ऐकू येत नसलं की काय करायचं, याचा मला सहा वर्षांचा अनुभव. हसायचं आणि मान डोलवायची! आसावरीने माझ्याकडे बघितलं, मी मान डोलवली. मुकुल डोळे वटारून काहीतरी म्हणाला. मी मोठ्याने सांगितलं, "हो हो, शब्द न् शब्द मीच लिहिलाय!" मग हेमा माझ्याकडे वळली. तिने काहीतरी छोटंसंच विचारलं. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "अगदी मनापासून!"

तिने काय विचारलं होतं, ते मुकुलने नंतर सांगितलं. "इतका त्रास होतो माझा?"

यंत्रं कानात परत आली तेव्हा मॅडम म्हणत होत्या, "काकू, दोन वाक्यं बोला ना. तुमच्याच आवाजावर बघायचंय." हेमाने तोंड उघडलं नाही. मॅडमनी मग स्वतःच्या अंदाजाने काय ते केलं.

परत येताना घोडबंदरला दीड तास ट्रॅफिकमध्ये अडकलो. गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक इतकी सुंदर ऐकू येत होती म्हणून सांगू! बाकी काहीच नव्हतं ऐकायला. "हेमा, अगं त्याचा अर्थ तसा नाही," मी तीनदा म्हणालो. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी आल्यावर मी रीतसर शुद्धिपत्रक काढून फ्रीजवर चिकटवलं: "अ. क्र. १३ मधील 'असह्य' हा शब्द पत्नीबाबत न वाचता यंत्राबाबत वाचावा." त्याखाली आसावरीने पेन्सिलीने लिहिलं, "वाचला." संपला पत्रव्यवहार! तेव्हापासून घरात माझ्यावर कुणी ओरडलेलं नाही. ताट समोर येतं आणि रिकामं झालं की उचललं जातं. साधं "बाजूला व्हा" म्हणायलाही कुणी तयार नाही. गाढव आहे मी, दुसरं काय!

काल संध्याकाळी शेजारची दर्शना आली आणि स्वयंपाकघरात हेमाजवळ बसली. मी बाहेर पेपर वाचत होतो. तेवढ्यात आतून आवाज आला. हलका, अगदी पूर्वीचा! डबा नाही, पत्रा नाही. मॅडमचा अंदाज बरोबर निघाला होता.

"सहा वर्षं मीच त्यांचे कान होते गं," हेमा सांगत होती. "बँकेत मी, दवाखान्यात मी, कुणाचा फोन आला तरी मीच. आणि ऐकू यायला लागल्यावर पहिली तक्रार कुणाची? माझी!"

"काकू, हळू. ऐकतील ते."

"ते कसले ऐकतायत! बस, चहा टाकते. अजून खूप आहे सांगायचं."

उठावं, आत जाऊन तिचे पाय धरावेत, असं वाटलं. उठलोही अर्धा. पण मी आत गेलो असतो तर ती गप्प झाली असती हो! म्हणून परत खाली बसलो, पेपर तोंडापुढे धरला, आणि तासभर हललो नाही, ठार बहिरा असल्यासारखा.