लाल लेसचे बूट

पियानोच्या शाळेचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्या रांगेसाठी भांडलेल्या पालकांना कळलं की उंच स्टेजवरच्या त्या अवाढव्य पियानोखालून मुलांचे फक्त पाय दिसतात. नावं पुकारायचा माईकही बंद पडला होता.

"बिघडत नाही," डॉक्टर म्हणाले. "आमच्या बाळाच्या बुटांना लाल लेस आहेत."

मुलाच्या कार्यक्रमाला ते पहिल्यांदाच आले होते. "बाबा ऐकतील ना?" असं बाळाने सकाळपासून त्याला सांभाळणाऱ्या मावशींना दहादा विचारलं होतं. त्याचे पाय पेडलला पुरावेत म्हणून बुटांना जाड तळ मावशींनीच लावून घेतले होते.

पडद्यामागे बिल्डरसाहेबांची कन्या रडकुंडीला आली. पहिला नंबर तिचा, आणि पाय लोंबकळत!

मावशींना राहवेना. "बाळा, दे रे तिला तुझे बूट. पाच मिनिटांचं तर काम."

मग काय, बाकीच्या मुलांचंही सुरू झालं, "मलापण! मलापण!"

समोर लाल लेस दिसताच डॉक्टरांनी फोन उंचावला. टाळ्या झाल्या. पुन्हा लाल लेस आल्या.

"परत आपलाच?"

"वन्स मोअर मिळाला असेल," पत्नी म्हणाली.

तिसऱ्यांदा लेस आल्या तशी बिल्डरसाहेबांनी मान वळवली. "अहो डॉक्टर, घरचंच कार्य आहे का? आमच्या राजकन्येचा नंबर कधी लागायचा?"

"मलाही कळत नाहीये हो. घरी तर एकच धून वाजवतो!"

पाचव्या मुलाच्या पायात एका बुटाचा तळ निघून आला. राहिला होता फक्त बाळ. तो अनवाणीच, स्टुलाच्या कडेला टेकून बसला.

"हे अनवाणी कुणाचं?" पत्नीने विचारलं.

"कुणाचं का असेना. आपलं पाचदा झालं," म्हणत डॉक्टरांनी फोन खिशात टाकला. हात रिकामे झाले, तसे कान मोकळे झाले. धून मध्येच अडखळली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. डॉक्टर पुढे सरकून बसले. संपल्यावर उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

"काय गोड वाजवलं! आईबापांनी नशीब काढलं."

"ते नशीब आपलंच, साहेब," बाजूच्या दारातून मावशी हळूच म्हणाल्या. त्यांच्या हातात तुटका तळ होता.

मागून बाळ धावत आला. "बाबा, माझा व्हिडिओ?"

डॉक्टरांनी फोन चाचपला. त्यात पाच व्हिडिओ होते, पाचही परक्यांचे.

"नाही रे काढला," ते ओशाळून म्हणाले. "मी ऐकतच बसलो."

बाळाने मावशींकडे पाहिलं आणि तो कानापर्यंत हसला.

"ते सगळं ठीक आहे हो," बिल्डरसाहेब खुर्चीतून उठायलाच तयार नव्हते. "आता तरी आमच्या राजकन्येला बसवणार का?"