हिल्डाबाईंच्या घरातला दुसरा माणूस

"ये की कधीही, आम्ही घरीच असतो," एवढंच हिल्डाबाई ऑर्मरॉइड नगरपालिकेच्या तपासनीसाला फोनवर म्हणाल्या, आणि तेवढ्यावरून नगरपालिकेने त्यांच्यामागे चौकशी लावली.

उत्तर इंग्लंडच्या लँकशायरमधल्या त्या गिरणगावात जो तो स्वतःला 'आम्ही' म्हणे. आम्हाला शिंका येतायत, आम्हाला जरा मीठ द्या. पण तपासनीस पेटिफर पडले दक्षिणेकडचे, नोकरीवर नुकतेच आलेले. एकट्या विधवेच्या घरात हे 'आम्ही' कोण, या शंकेने त्यांना पछाडलं. एकट्या राहतात म्हणून तर पालिका हिल्डाबाईंच्या घरभाड्याला हातभार लावत होती! चोरून कुणी पुरुष ठेवला असेल तर मदत बंद, वर दंड, आणि भाडं थकलं की घरही गेलं.

त्या दुपारी गल्लीत असं धुकं भरलं होतं की समोरचं दार दिसेना. हिल्डाबाई स्वयंपाकघरात शेगडीपाशी विणत बसल्या होत्या. मान वर केली तर समोर पेटिफर उभे.

"अगं बाई! आत कसा आलास तू?"

"तुमच्या यजमानांनीच दार उघडलं," पेटिफर विजयी मुद्रेने म्हणाले.

हातातल्या सुया थांबल्या. "कुणी?"

"आता लपवून काय उपयोग, बाई? उंच, किडकिडीत गृहस्थ. डाव्या हाताला अंगठा नाही. म्हणाले, 'पाय पूस आणि आत जा. तिला कमी ऐकू येतं, मोठ्याने बोल.'"

"अंगठा गिरणीत गेला," हिल्डाबाई सावकाश म्हणाल्या. "पुढे आमचा नवरा, एनॉकही गेला."

"कुठे गेले?"

"टेकडीवर."

"परत कधी येतील?"

"अरे राजा, टेकडीवर दफनभूमी आहे आमची!"

पेटिफर हसायला गेले, पण हसू ओठांवरच राहिलं. शेगडीपलीकडच्या रिकाम्या खुर्चीतली उशी हळूहळू दबत होती, कुणी दमलेला माणूस टेकावा तशी. साहेब मागे सरले आणि थेट कोळशाच्या बादलीत बसले.

हिल्डाबाई घाबरल्या नाहीत. त्या भडकल्या.

"एनॉक! या परक्याशी बोललास? गेल्यापासून आमच्याशी एक शब्द नाही, आणि याला आमच्या कानांचं गाऱ्हाणं सांगतोस?"

उशी आणखी खोल दबली. शेगडीत धग होती, तरी खोलीत गारठा पसरला.

"मी... मी काही पाहिलं नाही," पेटिफर पुटपुटले. "बाई एकट्याच राहतात, असं कळवून टाकतो."

"खबरदार! दर रविवारी देवापुढे उभ्या राहतो आम्ही. माणूस इथे बसलाय आणि एकट्या कशा? खरं तेच कळव."

"अहो, घर जाईल तुमचं!"

"जाऊ दे," हिल्डाबाई म्हणाल्या खऱ्या, पण आवाज चिरकला. नवी नवरी म्हणून आल्या त्या याच घरात. इथून उठून जायला दुसरी जागा नव्हती.

पेटिफरांना त्यांची दया आली. स्वतःचीही आलीच, अहवालात भूत कसं लिहायचं! काळे झालेले कपडे झटकत ते बादलीतून उठले. "थांबा. घरात पुरुष दिसला म्हणजे झालं, असं नाही नियमात. नवरा-बायकोसारखं राहणं असावं लागतं. मी विचारतो त्याचं खरं उत्तर द्या. एकत्र जेवता?"

"आम्ही जेवतो. तो बघतो."

"घरकामात हात लावतात?"

"एनॉक?" हिल्डाबाईंना इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"कुणाकडे चहाला बरोबर जाता?"

"त्याला खुर्चीतून उठवतं कुठे! आज दार उघडलं तेच नवल."

"सुखदुःखाचं काही बोलता?"

"भिंतीशी बोलतो आम्ही."

पेटिफरांचा चेहरा उजळला. "मग हे एकत्र राहणं नव्हेच! नियमाने तुम्ही एकट्याच. यात तसूभर खोटं नाही. मदत चालू, घर तुमचं."

हिल्डाबाईंनी डोळे मिटून देवाचे आभार मानले. सुया पुन्हा चालू झाल्या. पण दोन टाके घातले न घातले तोच त्या थांबल्या.

"एक विचारू, राजा?"

"विचारा ना."

"हा जिवंत होता तेव्हाही सगळं अस्संच होतं. मग लग्नापासूनची मागची मदत मिळेल का आम्हाला?"

खुर्चीत कुणीतरी घसा खाकरला.