नवंकोरं जुनं इंजिन

"अगं, हे काय केलंस!"

मागच्या खोलीतून ही आरोळी आली तेव्हा डॉक्टरीणबाई पाहुण्यांसाठी कपबश्या काढत होत्या. सारी हयात डॉक्टरांच्या खुर्चीत बसून दुसरी माणसं ओरडली होती आणि डॉक्टर शांतपणे "झालं, झालं" म्हणत आले होते. स्वतः डॉक्टर ओरडलेले बाईंनी आज पहिल्यांदाच ऐकलं. हातातला कप तसाच घेऊन त्या धावल्या.

मागची खोली म्हणजे डॉक्टरांचा संसारातला संसार. दातांचा दवाखाना बंद केल्यावर उरलेलं सगळं सामान त्यांनी इथे आणलं होतं, आणि त्यातूनच टेबलभर एक गाव उभं राहिलं होतं. दातांचे साचे घ्यायच्या प्लास्टरचे डोंगर, दातांत फिरवायच्या दोऱ्याच्या तारा, खऱ्या वाळूच्या काठाची नदी, चिमुकलं स्टेशन आणि डोंगराला वळसा घालून चढत जाणारा रूळ. त्या रुळावर एक वीतभर इंजिन उभं होतं. लखलखत होतं. नव्या नवरीच्या जोडव्यासारखं.

"काय केलंस म्हणजे? घासलं," बाई म्हणाल्या. "पाहुणे येणार म्हणालात ना?"

"कशानं घासलंस?"

"तुमच्याच ब्रशनं. मऊ केसांचा, हळू हातानं, गोल गोल. जन्मभर जगाला सांगत आलात, तस्संच."

डॉक्टर स्टुलावर बसले. बसले म्हणजे खालचं स्टूल नशिबानं जागेवर होतं.

तासाभरात छोट्या रेलगाड्यांच्या मंडळाचे परीक्षक दारात येणार होते. मंडळाचं वार्षिक बक्षीस यंदा 'अस्सल जुनेपणा'साठी होतं. हे बक्षीस डॉक्टरांना एकदाही मिळालेलं नव्हतं. दिवाणखान्यात त्यासाठी ठोकलेल्या खिळ्यावर कित्येक वर्षं कॅलेंडरच लटकत होतं, आणि प्रत्येक खेपेला प्रमाणपत्र डॉक्टरांच्या जिवलग मित्राकडे, म्हणजे कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यांकडे जात होतं. यंदा मात्र डॉक्टरांनी मनाशी खूणगाठ बांधली होती. इंजिनं बनवणाऱ्या कंपनीचं नव्या मॉडेलांचं पत्रक आलं, आणि त्यातलं एक चित्र पाहून डॉक्टरांचा चहा बशीतच गार झाला. कुबडासारखी उंच टाकी, आखूड धुराडं, बाजूला पितळी नंबर. हेच इंजिन. पोर असताना बाई ज्याची वाट बघत कुंपणाशी उभ्या राहायच्या, ज्याच्यावर बाईंचे वडील चालक होते, तेच.

डॉक्टरांनी ते गुपचूप मागवलं आणि कापडाखाली झाकून ठेवलं. मग तीन महिने रोज दुपारी, बाईंचा डोळा लागला की, ते नव्याचं जुनं करत बसले. टाकीवर पाण्याचे ओघळ, चाकांना गंज, धुराड्याला काजळी. ज्या हातांनी आयुष्यभर लोकांच्या दातांवरचे डाग काढले, ते हात आता मन लावून डाग पाडत होते. बक्षीस मिळालं की त्या खिळ्याखाली बाईंना उभं करायचं आणि सांगायचं, बघ, तुझ्या बाबांचं इंजिन. एवढा बेत होता.

"मला वाटलं, कुठून तरी जुनं उचलून आणलंत," बाई म्हणत होत्या. "कापड काढलं आणि नंबर दिसला. अहो, बाबांचा नंबर! आणि ही दशा? जीव कळवळला माझा. म्हटलं, पाहुण्यांना असं दाखवायचं?"

"अगं, नवंकोरं होतं ते! तीन महिने खपून मी जुनं केलं होतं."

"नवं आणून जुनं केलंत?"

"हो."

"मग आपल्या फ्रीजनं काय घोडं मारलंय? तो तर आपला आपण झालाय जुना."

डॉक्टरांनी थेट मेणबत्ती पेटवली. काजळी हवी तर ज्योत हवी, हा हिशोब सरळ होता. फक्त इंजिनाचं धुराडं प्लास्टिकचं होतं, हे त्या हिशोबात धरायचं राहून गेलं. काजळी धरायच्या आधी धुराड्यानं मान टाकली. उन्हात विसरलेल्या फुलासारखं ते एका बाजूला कललं.

"फुंका, फुंका!" बाई ओरडल्या.

डॉक्टरांनी फुंकलं. मेणबत्ती विझली, आणि फलाटावरची चारपाच माणसं उडून नदीत पडली.

तेवढ्यात बेल वाजली. परीक्षक नव्हते, चष्मेवाले होते. तेही स्पर्धेत होते. पण मित्राला धीर द्यायला लवकर आले होते. निदान असं ते म्हणाले. खिशातलं भिंग काढून त्यांनी इंजिनाकडे पाहिलं.

"वा! पेटीतनं आत्ताच काढलंस वाटतं?"

"जखमेवर मीठ चोळू नकोस रे. हिनं घासलं ते."

चष्मेवाल्यांनी भिंग बाईंकडे वळवलं, मग पुन्हा इंजिनाकडे. "वहिनी, आमच्या दुकानातल्या काचा पुसायला याल का हो?" मग मित्राचा चेहरा पाहून त्यांना दया आली. "बूट पॉलिश आहे का घरात? काळं. दोन हात मारू. मी शपथेवर कुणाला सांगणार नाही."

पॉलिश सापडलं. एकानं इंजिन धरलं, दुसऱ्यानं चिंधीनं चोपडलं. इंजिन काळं झालं खरं, पण पॉलिश कशासाठी असतं हे दोघंही विसरले होते. जितकं चोळावं तितकं ते चकाकत गेलं. आधी त्यात खिडकी दिसत होती, आता चष्मेवाल्यांच्या मिशीचे केस मोजता आले असते.

"धूळ हवी, धूळ," चष्मेवाले म्हणाले. "चमक मरते."

"या घरात धूळ?" डॉक्टर हताशपणे हसले. "हिच्या राज्यात?"

म्हणून पावडरचा डबा आला. पॉलिशवर पावडर बसली ती अशी, की इंजिन पिठाच्या गिरणीतून पळून आल्यासारखं दिसू लागलं. बाईंनी मग ते दोघांच्या हातातून काढून घेतलं, मोरीवर नेलं आणि पुन्हा ब्रश उचलला. हात चालू लागला तशी नकळत त्यांची गुणगुण सुरू झाली. त्यांची आई म्हणायची ती. त्या इंजिनाला आई सवत म्हणायची.

येते गं गाडी बाई, धुराची घालून वेणी
काळा गं धनी माझा, उजळ सवतीची लेणी

डॉक्टर मोरीच्या दाराशी उभे राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात ही ओवी त्यांनी ऐकली नव्हती. पुढे काही विचारणार, तोच पुन्हा बेल वाजली.

या खेपेला परीक्षकच होते. बारीक चणीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी चहाला हात लावला नाही. थेट मागच्या खोलीत गेले आणि ओल्या, उजळ, वाकड्या धुराड्याच्या इंजिनासमोर वाकले.

"हे जुनं?"

"होतं," डॉक्टर म्हणाले.

"चालवा."

डॉक्टरांनी बटण फिरवलं. इंजिन ऐटीत निघालं, नदी ओलांडली, आणि डोंगराच्या चढाला लागताच थबकलं. चाकं गरागरा फिरत होती, गाडी तसूभर हलत नव्हती. चाकांच्या खाचेत पॉलिश राहिलं होतं. डॉक्टरांनी वेग वाढवला, तसं ते जागच्या जागी आणखी जोरात नाचू लागलं. चष्मेवाले उगाचच छताकडे पाहत राहिले. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

"वाळू सोडा," मागून बाई म्हणाल्या.

"काय?"

"चढावर चाक घसरलं की बाबा रुळावर वाळू सोडायचे. अहो, सरका जरा." त्यांनी नदीकाठची चिमूटभर वाळू उचलली आणि मीठ भुरभुरावं तशी चाकांपुढे भुरभुरली. इंजिन एकदा गचकलं, कुरकुरलं, आणि हळूहळू चढू लागलं. वळण घेऊन डोंगरामागे गेलं. पलीकडून ते वाकडं धुराडं पुन्हा दिसलं, तेव्हा बाई कुंपणाशी उभ्या असल्यासारख्या टाचा उंचावून बघत होत्या.

परीक्षकांनी घसा खाकरला. "इंजिन फार स्वच्छ आहे, बाई. वाफेचं इंजिन असं नसतं."

"आमच्या बाबांचं असंच असायचं," बाई म्हणाल्या. "घाण असायची ती बाबांच्या तोंडावर. डोळे आणि दात, एवढंच ओळखू यायचं. स्टेशनात गाडी थांबली की हातातल्या फडक्यानं आधी नंबर पुसायचे. आई म्हणायची, अहो, त्याच फडक्यानं स्वतःचं तोंड पुसा की. तर म्हणायचे, ड्युटी संपल्याशिवाय नाही." त्या खाली वाकल्या आणि इंजिनाच्या खोलीत डोकावल्या. तिथे कंपनीनं बसवलेला, गव्हाएवढा चालक उभा होता. गुलाबी गालांचा. "आणि हा कोण? हा तर लग्नाला निघालाय."

डॉक्टरांनी दातांची बारीक सुई पुढे केली. बाईंनी मेणबत्तीच्या वातीची काजळी सुईच्या टोकावर घेतली. एक ठिपका या गालावर, एक त्या गालावर, एक कपाळावर. मग पॉलिशच्या चिंधीचा एक धागा ओढून चालकाच्या हातात अडकवला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता ओळखले."

परीक्षकांनी चष्मेवाल्यांचं भिंग मागून घेतलं. बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग काहीतरी लिहिलं आणि गार झालेला चहा उभ्याउभ्या पिऊन निघून गेले.

पुढच्या रविवारी मंडळाच्या सभागृहात निकाल लागला. 'अस्सल जुनेपणा'चं बक्षीस चष्मेवाल्यांना. डॉक्टरांच्या इंजिनाला जुनेपणाचा भोपळा. वर शेरा, 'धुराडं सदोष'. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या, मित्राच्या पाठीवर थाप मारली, आणि आता कॅलेंडर पुढच्या वर्षीचं आणायला हवं, असा विचार करत चपला शोधू लागले. तेवढ्यात परीक्षक म्हणाले, की यंदा एक खास उल्लेखही आहे: उत्तम इंजिनचालक. आणि त्यांनी डॉक्टरीणबाईंचं नाव घेतलं.

बाई उठेनात. "मी तर मंडळात नाही हो," त्या डॉक्टरांच्या कानात म्हणाल्या.

"जा गं," डॉक्टर म्हणाले. "खिळा थांबलाय."

घरी आल्यावर डॉक्टरांनी कॅलेंडर उतरवलं आणि प्रमाणपत्र टांगलं. ठरल्या बेताप्रमाणे त्यांनी बाईंना खिळ्याखाली उभं केलं. फक्त आता सांगायला काही उरलं नव्हतं. बाईंनी लगेच काच पुसायला घेतली.

"असू दे की जराशी धूळ," डॉक्टर म्हणाले. "जुनं दिसेल."

"तुमचं आपलं काहीतरीच."

आता मागच्या खोलीत इंजिनावर कापड नसतं. रोज सकाळी बाई तिथे जातात, फलाटावरची माणसं हलक्या हातानं उचलून झटकतात, टाकी पुसतात, पितळी नंबर पुसतात, वाकड्या धुराड्याला सांभाळून हात लावतात. तोंडानं ती सवतीची ओवी चालू असते. डॉक्टर दाराशी कंपनीचं नवं पत्रक वाचल्यासारखं करत ऐकत बसतात. एकदा त्यांना राहवलं नाही.

"अगं, सगळं पुसलंस. चालकाचं तोंड तेवढं राहिलं."

बाईंनी फडकं झटकलं, घडी केली आणि बाजूला ठेवलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्यांची ड्युटी अजून संपलेली नाही."