तिसऱ्यांदा विचारल्यावर

"कॉफी घेणार का?" घरमालकीण याकोमीनबाईंनी विचारलं.

"नको नको. कशाला उगाच त्रास," आउलिस म्हणाला.

"बरं," असं म्हणून बाईंनी ट्रे उचलला आणि आत नेला.

आउलिस खुर्चीच्या टोकावर तसाच बसून राहिला. ट्रेमध्ये दोन कप होते आणि एका बशीत दालचिनीच्या वासाची बिस्किटं होती. पहाटे कुओपिओहून निघून, वाटेत विमान बदलून तो हॉलंडातल्या लायडनला पोचला होता आणि त्याच्या पोटात कावळे ओरडत होते. बाई बहुधा आणखी काही आणायला आत गेल्या असतील, असं त्याला आधी वाटलं. मग स्वयंपाकघरातून बिस्किट कडकन मोडल्याचा आवाज आला. पाठोपाठ कप बशीत ठेवल्याचा आला, आणि तो कप आपला नव्हे हे त्याच्या लक्षात आलं.

यात बाईंची काहीच चूक नव्हती. चूक आम्हा कुओपिओकडच्या, सावो प्रांतातल्या लोकांची. आमच्याकडे यजमानाने पहिल्यांदा विचारल्यावर पाहुण्याने 'नको' म्हणायचं असतं, नाहीतर माणूस हावरट दिसतो. दुसऱ्यांदा विचारल्यावरही 'नको'च म्हणायचं, पण जरा मऊ आवाजात आणि कॉफीच्या किटलीकडे बघत. तिसऱ्या खेपेला यजमान विचारून मोकळा होतो आणि उत्तराची वाट न बघता कप भरतो. मग पाहुणा "आता ओतलीच आहे तर" असं पुटपुटत पितो, आणि पाठोपाठ आणखी तीन कप पितो. माझी एक मावशी तर लग्नाच्या मागणीलाही दोनदा 'नको' म्हणाली होती. काका आमच्याच गावचे होते म्हणून निभावलं.

हॉलंडात मात्र माणूस बोलतो ते खरंच बोलतो, असं धरून चालतात. आउलिसला हे ठाऊक नव्हतं. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात तो प्रथमच एकटा परदेशी आला होता, आणि तेही बहिणीने जवळजवळ ढकलून दिल्यामुळे.

ही बहीण राइली. आउलिसची बायको जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून हा गडी भांडी घासायच्या सिंकपाशी उभा राहून जेवत होता. टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसते, म्हणून. राइलीला ते कळलं तशी तिने तिकीट काढलं, लायडनमधल्या एका घरात खोली ठरवली आणि विमानतळावर त्याला दम भरला. "चर्च बघ, पवनचक्की बघ, नाहीतर काहीच बघू नकोस. पण तीन दिवसांत एकदा तरी कुणाबरोबर टेबलाशी बसून जेव. नाही जमलं तर मी रोज तुझ्याकडे जेवायला येईन." राइलीच्या हातचं जेवण आउलिसला माहीत होतं. पण ती हे म्हणत असताना तिचे डोळे भरून आले होते, त्यामुळे त्याला थट्टाही करता आली नव्हती.

तेव्हा कॉफीचा ट्रे आत गेला, म्हणजे पहिली संधी आत गेली होती.

थोड्या वेळाने बाई बाहेर आल्या. साठीच्या पुढच्या, उंच, आखूड केसांच्या. दोघंही मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत होते आणि त्यातल्या त्यात बाईंचं कमी मोडकं होतं. "जिना फार उभा आहे. तुमची बॅग मी धरू का एका बाजूने?"

"नको नको, हलकीच आहे."

"बरं," म्हणून बाई वर्तमानपत्र वाचत बसल्या.

बॅगेत सहा पुडे कॉफी, राय धान्याचे चार काळे राय-पाव आणि एक थर्मास होता, कारण परदेशात प्यायच्या लायकीची कॉफी मिळत नाही अशी आमची सगळ्यांची पक्की समजूत आहे. जिना कसला, शिडीच होती ती. वरच्या तीन पायऱ्या राहिल्या असताना बॅग हातातून सुटली आणि धाडधाड करत खाली जाऊन पॅसेजमधल्या बाईंच्या सायकलवर आदळली. घंटी वाजली. बाईंनी वर्तमानपत्र खाली केलं.

"हलकी आहे म्हणालात ना," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता. बाईंनी छत्री देऊ केली. आउलिसचं 'नको' सवयीने आधी बाहेर पडलं आणि मागोमाग आउलिस. बाजारात हेरिंग माशाच्या गाडीवरच्या माणसाने कांदा घातलेला एक तुकडा पुढे केला. "चाखून बघा."

"नको नको."

त्या माणसाने तो तुकडा शेजारच्या गिऱ्हाइकाला दिला. शेजारचा हो म्हणाला, खाल्ला, आणखी मागितला आणि गाडीवाल्याशी गप्पा मारत उभा राहिला. आउलिस त्या दोघांकडे बघत दुसऱ्यांदा विचारलं जाण्याची वाट पाहत ओला होत राहिला. एका हॉटेलात टेबलं भरलेली होती म्हणून एका म्हाताऱ्या जोडप्याने "आमच्याजवळ बसता का?" असं विचारलं. तिथेही तेच. ते जोडपं लगेच मेन्यू वाचायला लागलं.

"साल्या, तोंड आहे की दरवाजा आहे तुझं?" आउलिस स्वतःलाच म्हणाला. "आपोआप बंद होतंय."

संध्याकाळी सहा वाजता तो गल्लीगल्लीतून हिंडला. तिथली माणसं खिडक्यांना पडदे लावत नाहीत, आणि सहाला सगळं गाव जेवायला बसतं. प्रत्येक खिडकीत एक टेबल, टेबलावर दिवा आणि भोवती माणसं होती. एका घरात बाप पोराला चमच्याने बटाटा भरवत होता. आउलिसला त्या रात्री खोलीत राय-पाव गिळवेना. राइलीचा फोन आला.

"जेवलास कुणाबरोबर?"

"बऱ्याच जणांनी विचारलं."

"मग?"

"दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही."

राइली आमच्याच गावची असल्यामुळे तिला सगळं समजलं. "उद्याचा एकच दिवस आहे, आउलिस," एवढंच ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. राइलीला पवनचक्कीचा फोटो पाठवावा म्हणून आउलिस कालव्याच्या काठावर उभा राहिला. चक्कीची पाती फोटोत मावेनात, म्हणून एक पाऊल मागे गेला. तरीही वरचं टोक कापलं जात होतं, म्हणून आणखी एक गेला. आमच्या कुओपिओला तिन्ही बाजूंनी तळं आहे. या माणसाने जन्मभर होडीतून मासे पकडले, आणि कधी पाण्यात पडला नाही. तो लायडनच्या कालव्यात पडला, भर दुपारी आणि फोनसकट.

पाणी छातीपर्यंत होतं. काठाचा दगडी कठडा डोक्याच्या वर होता आणि शेवाळाने बुळबुळीत झालेला. सायकलवरून जाणारी एक तरुण बाई थांबली.

"मदत करू का?"

आता माझ्या वाचकांना वाटेल की निदान इथे तरी. पण संस्कार म्हणजे संस्कार.

"नको नको," आउलिस पाण्यातून म्हणाला. "तुम्ही कशाला ओल्या होताय उगाच."

"नक्की?"

हे दुसऱ्यांदा विचारणं होतं की नुसती खातरजमा, याचा आउलिस विचार करू लागला. विचार पूर्ण होईपर्यंत ती निघून गेली होती. मग प्रवाशांची बोट आली. बोटवाल्याने वेग कमी केला. "वर घेऊ का तुम्हाला?"

"नको, तुमची माणसं खोळंबतील."

बोटीतल्या माणसांनी फोटो काढले. एका लहान मुलीने हात हलवला. आउलिसनेही हलवला, कारण तेही रीतीला धरून होतं. बोटीच्या लाटेने पाणी त्याच्या हनुवटीपर्यंत आलं आणि परत उतरलं.

"आउलिस, तुम्हाला वर यायचंय का?"

वर याकोमीनबाई उभ्या होत्या. सायकलच्या टोपलीत कांद्याची पात होती. आउलिसने मनातल्या मनात मोजलं. सायकलवाली एक, बोटवाला दोन, या तीन. आता रीतीप्रमाणे काही हरकत नव्हती.

"हो," तो म्हणाला.

बाईंनी आणि एका रस्ता झाडणाऱ्याने मिळून त्याला वर ओढलं. घरी बाईंनी त्याला आपल्या दिवंगत नवऱ्याची विजार दिली. नवरा चांगलाच उंच असावा. आउलिसने पायाशी चार घड्या घातल्या तरी ती जमीन झाडत होती.

"पाण्यात तुम्ही फार वेंधळे दिसत होतात," बाई म्हणाल्या. त्या लोकांत हे आपुलकीने म्हणतात. "मी वाटाण्याचं सूप केलंय. जेवायला बसता का माझ्याबरोबर?"

हीच ती वेळ होती. सूप दाट होतं, त्यात सॉसेजचे तुकडे होते, टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. आउलिसला 'हो' म्हणायचं होतं. जीव तोडून म्हणायचं होतं. पण विजार या घरची, उपकार या घरचे, आणि वर सूपही? आई काय म्हणाली असती?

"नको नको," तो म्हणाला, "भूक नाहीये."

"बरं," बाई म्हणाल्या आणि भांड्यावर झाकण ठेवलं. मग फळीवरून एकच वाडगा काढला.

खोलीत येऊन आउलिसने आरशात स्वतःला शिव्या घातल्या. सावोच्या बोलीत शिव्यांची चणचण नाही. मग त्याने निश्चय केला. उद्या सकाळी जो पहिला प्रश्न येईल त्याला 'हो' म्हणायचं. तो आरशासमोर उभा राहून 'हो' म्हणायचा सराव करत राहिला. झोपेपर्यंत ते अगदी सहज जमायला लागलं होतं.

सकाळी तो बॅग घेऊन खाली आला. याकोमीनबाई टेबलाशी बसल्या होत्या.

"आज लवकर निघायचंय का तुम्हाला?"

"हो," आउलिस छाती पुढे काढून म्हणाला.

"अच्छा. मग टॅक्सी आत्ताच बोलावू?"

"हो."

"म्हणजे नाश्ता राहू दे?"

"हो," तो म्हणाला आणि मग आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. तोपर्यंत बाई फोनवर टॅक्सीवाल्याशी बोलत होत्या.

टॅक्सी यायला अवकाश होता. आउलिस टेबलापाशी बसला. सगळं संपलं होतं. राइली आता रोज जेवायला येणार आणि सिंककडे बघून रडणार. काहीतरी करावं म्हणून त्याने बॅगेतून थर्मास काढला. खोलीतल्या किटलीवर पहाटेच त्याने आपली कॉफी करून भरून घेतली होती. एकट्याने पिणं बरं दिसत नाही म्हणून विचारलं, "कॉफी घेणार का?"

"नको," बाई म्हणाल्या.

"घ्या हो थोडी."

बाईंनी मान वर केली. "नको म्हटलं मी."

"बरं, घ्या," आउलिस म्हणाला आणि त्यांच्या कपात ओतली. त्याला त्यात काही विशेष केलं असं वाटलंच नाही. राय-पावाचा एक तुकडा कापून त्याने बशीत ठेवला.

याकोमीनबाई कपाकडे बघत राहिल्या. त्यांच्या उभ्या आयुष्यात असं कुणी वागलं नव्हतं.

"मला खरंच नको होती," त्या म्हणाल्या.

"पहिल्यांदा नकोच असते."

"म्हणजे?"

मग आउलिसने सांगितलं. पहिलं नको, दुसरं नको, तिसऱ्याला ओतायचं. आई, मावश्या, गाव, सगळं. बाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पडू लागला.

"थांबा. म्हणजे छत्री?"

"हवी होती."

"बॅग?"

"ती तर फारच."

"आणि काल कालव्यात..."

"एक बाई, एक बोट. तुम्ही तिसऱ्या होतात."

बाई एवढ्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग त्यांची नजर सुपाच्या भांड्याकडे गेली. "आणि सूप?"

आउलिसने मान खाली घातली. "सूप तर मनापासून हवं होतं."

याकोमीनबाईंनी कॉफीचा घोट घेतला, मग दुसरा. "मी काल ते एकटीनेच खाल्लं," त्या म्हणाल्या. "माझा नवरा, पीट, गेल्यापासून एकटीच खाते. दोन माणसांचं करायची सवय मोडत नाही, म्हणून उरतं." त्या उठल्या, झाकण काढलं आणि गॅस पेटवला. या खेपेला त्यांनी काही विचारलं नाही. दोन वाडगे मांडले आणि भरले. बाहेर टॅक्सी येऊन हॉर्न वाजवू लागली. बाईंनी खिडकीतून टॅक्सीवाल्याला "सूप घेणार का?" म्हणून विचारलं, तो "नको" म्हणाला, आणि खिडकी लागली.

सकाळी नऊ वाजता वाटाण्याचं सूप आणि सावोचा राय-पाव. आउलिस चार वर्षांनी समोरच्या खुर्चीकडे बघत जेवला. सूपचा चटका बसून डोळ्यांत पाणी आलं, असं तो राइलीला सांगतो.

निघताना दारात बाई म्हणाल्या, "ती विजार राहू दे तुमच्याकडे. मे महिन्यात इथे फुलं असतात. परत याल का?"

आउलिसचं तोंड उघडलं आणि आयुष्यभराची सवय बाहेर पडली. "नको नको. कशाला उगाच तुम्हाला त्रास."

बोलून गेल्यावर तो जागीच गोठला. टॅक्सीवाल्याने पुन्हा हॉर्न वाजवला. दाराच्या कडेवर हात ठेवून याकोमीनबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्यांनी एक बोट वर केलं.

"हे एक झालं," त्या म्हणाल्या. "आता परत विचारते."