गिऱ्हाईक ओळखणारा पियानो

"गरुडाची नजर, कुत्र्याचं नाक, मांजराची पावलं आणि वकिलाची जीभ, हे सगळं एकाच माणसात पाहायचं असेल तर पिरंगुटला या," असं आमचे दाजी स्वतःबद्दल सांगतात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नेमका कोणता प्राणी उभा राहतो, हे मी कधी विचारलेलं नाही.

दाजी म्हणजे निरंजनराव, माझ्या स्नेहलताईचे यजमान. पूर्वी ते एका कारखान्याच्या गेटवर कामगारांचे डबे तपासायचे. एकदा एकाच्या भरल्या वांग्यात त्यांना स्क्रू सापडला आणि त्याच क्षणी स्वतःतला गुप्तहेरही सापडला. तो स्क्रू डब्याच्याच कडीचा होता हे नंतर कळलं, पण तोवर दाजींनी नोकरी सोडून पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत 'खाजगी तपास' अशी पाटी लावली होती. मी शंभू. माझ्याकडे मोटरसायकल आहे, म्हणून मी त्यांचा सहायक.

त्या दिवशी खोलीत आला तो दयानंद. भरे गावचा. हा माणूस जुने, मोडके ग्रँड पियानो गोळा करतो, नव्यासारखे करतो आणि रस्त्याकडेच्या शेडमध्ये विकायला मांडतो.

"माझ्या सगळ्यात मोठ्या पियानोत एक आवाज येतो," दयानंद म्हणाला.

"पियानोत आवाज येतो," दाजी डोळे मिटून म्हणाले. "शंभू, लक्षात ठेव. हे महत्त्वाचं आहे."

"तसा नाही हो. डावीकडची एक काळी पट्टी दाबली की झर्रर्र होतं. पण फक्त गिऱ्हाईक समोर असताना. गिऱ्हाईक गेलं की सूर एकदम स्वच्छ. मी आख्खा पियानो उघडून पाहिला, एकेक तार तपासली. काही नाही. आतापर्यंत जे जे बघायला आले ते 'कळवतो' म्हणून गेले."

"म्हणजे पियानो गिऱ्हाईक ओळखतो."

"तेच तर. आता माणच्या शुभांगीबाई येणारेत. संगीत शाळा काढतायत. त्याही परत गेल्या तर नथूकाका शेड टायरवाल्याला देणार. जमीन आमची सामायिक आहे, मला नाही म्हणता येणार नाही." दयानंदचा आवाज खाली आला. "काकावरच संशय येतो कधी कधी. पण घरात तसं बोलवत नाही. आईला आणि त्याला काही कळू देऊ नका."

"आम्ही वेषांतर करून येऊ," दाजी म्हणाले.

वेषांतर म्हणजे दाजींच्या लग्नातला कोट. बटणं लागत नव्हती, तेव्हा ते उद्योगपती म्हणून आत शिरले आणि मी त्यांचा सेक्रेटरी. बाहेरून ती शेड कोंबड्यांची वाटावी अशीच होती. आत गेलो आणि मी चप्पल काढली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. काळे, तपकिरी, एक पांढरासुद्धा, असे पियानो झाकणं वर करून उभे होते. मधला सगळ्यात मोठा काळा पियानो इतका चकचकीत, की त्यात दाजींना स्वतःचं तोंड दिसलं आणि तपास बराच वेळ तिथेच अडला.

"हा एका बंद पडलेल्या क्लबातून आणला," दयानंद हळूच हात फिरवत म्हणाला. "आत उंदरांचं घर होतं, तारा गंजलेल्या. हातोड्यांवरची लोकर सगळी नवी लावलीय. पॉलिश तर हातानं, महिनोन्‌महिने."

दाजींनी वाकून खाली पाहिलं. "पाय तीनच आहेत. चौथा कुठे गेला?"

"ग्रँड पियानोला तीनच असतात."

"असं ते म्हणतात," दाजी माझ्या कानात म्हणाले.

सोफ्यावर नथूकाका बसले होते, टोपी मांडीवर ठेवून. दयानंदची आई सारजाबाई लगबगीनं आल्या. "बसा की पावनं, च्या ठिवलाय," म्हणत त्यांनी पियानोशेजारच्या काचेच्या टीपॉयवर सोनेरी काठाच्या कपबशा मांडल्या, बशीबशीत चमचे ठेवले, टीपॉयवरची नसलेली धूळ पदरानं पुसली आणि पुन्हा आत गेल्या.

दयानंद वाजवायला बसला. सूर असे उमटले की मला पिरंगुटचा ट्रॅफिक विसरायला झालं. मग बोट त्या काळ्या पट्टीवर गेलं.

झर्रर्र.

दयानंदचा चेहरा पडला. नथूकाका म्हणाले, "ह्यापरीस टायर बरं. वाजत तरी न्हाईत."

परतताना दाजींनी मोटरसायकलवर मागे बसून तीन सिद्धांत मांडले. पहिला: क्लबाचा एखादा जुना मेंबर मेला, आणि फी भरलेली असल्यामुळे तो अजून पियानोतच आहे. दुसरा: पुण्यातला कुणी प्रतिस्पर्धी लांबून रिमोटनं आवाज सोडतो. तिसरा भुंग्याचा होता. "पण गिऱ्हाईक ओळखणारा भुंगा, शंभू, शिकवलेला असणार. भुंग्याला शिकवणारा माणूस शोधला पाहिजे."

"दाजी, काही धागेदोरे?"

"धागे नाहीत. दोरे म्हणशील तर त्या पियानोत शेकड्यानं आहेत, आणि सगळे ताणलेले. मीही ताणलेला आहे."

दुसऱ्या खेपेला दाजींनी डाव बदलला. कोट घरी ठेवला, खिशात भिंग घातलं आणि शेडच्या दारातच गरजले, "मी गुप्तहेर निरंजनराव! त्या दिवशीचा उद्योगपती मीच होतो!"

"म्हंजी तुमी गिऱ्हाईक न्हाई व्हय?" सारजाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मंग त्या दिशी तसं बोलायचं की," म्हणत त्या आत गेल्या आणि स्टीलच्या पेल्यांतून चहा घेऊन आल्या. माझा पेला भलताच गरम होता. मी तो पियानोवर टेकवणार, तेवढ्यात दयानंदनं माझा हात हवेतच धरला.

दयानंद वाजवू लागला. काळी पट्टी आली. दाजींनी भिंग कानाला लावलं.

आवाज नाही. पुन्हा दाबली. नाही. दयानंदनं ती एकच पट्टी इतक्या वेळा दाबली की बाहेरची शेळी ओरडली, पण झर्रर्र झालं नाही.

"संपलं," दाजी म्हणाले. "तो मला घाबरला."

"कोण?"

"आवाज. मी उद्योगपती असताना येतो, मी गुप्तहेर असताना येत नाही. भूत गुप्तहेराला घाबरत नाही, भुंगाही नाही. घाबरतो तो माणूस! आणि त्या दिवशी इथं असलेला, आज नसलेला माणूस कोण?"

नथूकाका शेतावर गेले होते. पियानोच्या काठाला टेकून दयानंद नुसता उभा राहिला. लहानपणी ह्याच काकानं त्याला खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं, असं तो नंतर मला म्हणाला.

शुभांगीबाई आल्या त्या दिवशी आम्ही आधीच पोचलो होतो. दाजी सोफ्यावर नथूकाकांना इतके खेटून बसले होते की काकांनी दोनदा विचारलं, "तुमाला जागा कमी पडतीया का?"

बाई साध्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी एकेका पियानोपाशी थांबून, वाकून, एखादी पट्टी दाबून पाहिली. मोठ्या काळ्या पियानोपाशी आल्या आणि हसल्या. "मुलांनी पहिल्यांदा असंच काहीतरी ऐकावं," त्या म्हणाल्या. सारजाबाईंनी तोवर टीपॉयवर सोनेरी कपबशा मांडल्या होत्या.

दयानंद वाजवायला बसला. काळी पट्टी आली.

झर्रर्र.

"हात वर!" दाजी किंचाळले. नथूकाकांनी हात वर केले. दाजींनी त्यांच्या बंडीच्या खिशात हात घातला आणि विजयी मुद्रेनं एक पत्र्याची डबी बाहेर काढली. "हे पाहा यंत्र!"

"चुना हाय त्यो," नथूकाका म्हणाले.

दाजींनी डबी उघडली, आत बोट घातलं, चाटलं. चुनाच होता. तपास थोडा वेळ थांबला, कारण दाजींना पाणी लागलं.

"डबी बाहेर नेऊन ठेव," त्यांनी मला सांगितलं. मी नेली. दयानंदनं पट्टी दाबली. झर्रर्र. मग दाजींनी नथूकाकांनाच बाहेर नेऊन शेळीशेजारी उभं केलं. झर्रर्र.

"आरं दया," नथूकाका दारातून ओरडले, "तू माझ्यावं वहीम घेतलास? टायरवाल्याचं मी तुझ्या तोंडावं बोललो की रं. चोरून कशाला करू?"

दयानंदला मान वर करता येईना. शुभांगीबाई पर्स उचलून उभ्या राहिल्या. "तुमचं काम फार सुंदर आहे. पण लहान मुलांच्या कानात पहिल्यांदा हा आवाज बसला तर… मी कळवते."

"बाई, थांबा," दयानंद म्हणाला. "पियानोत काही नाही. खरंच नाही." तो ती पट्टी दाबतच राहिला. झर्रर्र, झर्रर्र. मला तिथं बघवेना.

तेवढ्यात सारजाबाई पुढे झाल्या. "तुमची भांडणं होत ऱ्हातील," म्हणत त्यांनी कपबशा ट्रेमध्ये गोळा केल्या. "कुनाचा पाय लागला म्हंजी सगळा सेट जायाचा. एका कपाचा कान आधीच तुटलाय." ट्रे उचलून त्या आत गेल्या.

दयानंदचं बोट पट्टीवर पडलं. सूर स्वच्छ, गोल, लांब गेला आणि पत्र्याखाली विरला.

दयानंदनं पुन्हा पट्टी दाबली. स्वच्छ.

"आई," तो म्हणाला, "बाहेर ये."

सारजाबाई ट्रे घेऊन आल्या, टीपॉयवर ठेवला. झर्रर्र.

"आत जा."

"आता गं बया. का?"

"जा तर खरं."

त्या ट्रे उचलून गेल्या. स्वच्छ. आल्या. झर्रर्र. शुभांगीबाईंनी वाकून एका बशीतला चमचा उचलला, मग दुसरीतला, मग सगळेच. दयानंदनं पट्टी दाबली. कप तिथेच होते, आवाज नव्हता. त्या एका सुराला चमचे बशीत थरथरत होते, एवढंच.

"माझी नजर पहिल्यापासून चमच्यांवर होती," दाजी म्हणाले. त्यांच्या ओठाला अजून चुना होता.

सारजाबाई मात्र जागीच उभ्या राहिल्या. "म्हंजी आलेली समदी गिऱ्हाइकं माझ्यामुळं गेली व्हय रं? मी आपली, शहरातली मान्सं हायेत, चांगल्या कपात च्या द्यावा म्हनून…"

दयानंद उठला. त्यानं आईला सोफ्यावर बसवलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत पियानो वाजताना आई कधी बसून ऐकायला नव्हतीच. ती चहा टाकायला आत असायची. मग दारात जाऊन त्यानं काकांचा हात धरला आणि त्यांनाही आणून तिच्याशेजारी बसवलं. "काका, चुकलो," एवढंच म्हणाला. नथूकाका म्हणाले, "माझी डबी कुटं ठिवली?"

मग दयानंदनं वाजवलं. पहिल्यापासून शेवटापर्यंत, कुठेही न अडखळता. काळी पट्टी आली, गेली. सारजाबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. संपल्यावर त्या म्हणाल्या, "लई लांबपतुर जातंय रं." शुभांगीबाई म्हणाल्या, "हाच न्यायचा." नथूकाकांनी टायरवाल्याला फोन लावला आणि जागा रिकामी होत न्हाई असं त्याला सांगितलं, जरा ओरडूनच, कारण त्यांचे डोळे भरले होते आणि ते कुणाला दिसू द्यायचे नव्हते.

परत येताना ताईचा दाजींना फोन आला. मी मोटरसायकल बाजूला घेतली.

"लागला का छडा?" ताईनं विचारलं.

"लागला," दाजी म्हणाले. "आख्खी टोळी होती. सगळे एकाच घरातले."

"अगं बाई! मारामारी झाली?"

"नाही. उचलून आत नेलं सगळ्यांना. एकाचा कान तेवढा तुटलेला होता."

"तुम्ही तोडलात?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं, छाती जरा पुढे काढली आणि म्हणाले, "त्याबद्दल मला फोनवर बोलता येणार नाही."