लाँड्रीतले खेळयंत्र वीज न तुटता घरी आणिले, त्याची हकीकत

चिरंजीव सकलगुणमंडित भाचीबाईंस मामाचे अनेक आशीर्वाद. उपरी विशेष. आपण फोनवर पुसिले की, "मामा, त्या शनिवारी मावशीकडे नक्की झालं काय? आई एक सांगते, मावशी दुसरंच सांगते, आणि काका नुसते हसतात." ऐशियास, फोनवर सांगावे तर आपण मध्येच "हं, हं" म्हणोन दुसरेच काही पाहत असता, हे आमचे ध्यानी आहे. म्हणोन कागदावर साद्यंत लिहितो. लिहिण्यात पदरचे काही घातले नाही. आणि जेथे घातले तेथे ते खऱ्याहून बरे दिसले म्हणोन घातले. आम्ही मोहिमेत खासा हजर होतो, सबब आमच्या शब्दावर कोणी शंका घेईल तर त्याने स्वतः ते धूड उचलून पाहावे.

प्रथम मुलुखाचे वर्तमान. आपली मावशी, म्हणजे आमची धाकटी बहीण, जीस या कागदी बाईसाहेब म्हणू, ती दातांच्या कारखान्यात कवळ्या घडविते, आणि तिचे यजमान, म्हणजे आपले काका आणि आमचे मेहुणे, लिफ्ट दुरुस्त करितात, आणि उभयतां कामावरून परतली म्हणजे कवळी आणि लिफ्ट दाराबाहेर ठेवून आपल्या दौलतीत शिरतात. दौलत दोन खोल्यांची, परंतु सुभे चार. पहिला सुभा सिनेमाचा. त्याच्या पोस्टरांनी चारी भिंती काबीज केल्या आणि गेल्या वर्षी ती छतावर चढली, आणि आता निजल्या माणसास एक डाकू आणि एक अंतराळवीर वरून न्याहाळीत असतात. दुसरा सुभा गाण्यांच्या तबकड्यांचा. त्या गायकाच्या नावे लावाव्या ही जगाची रीत, परंतु मेहुण्यांनी त्या ड्रम वाजविणाराच्या नावे लाविल्या, त्यामुळे त्यांखेरीज घरात कोणास एक गाणे सापडेल तर शपथ. तिसरा सुभा कॉमिक्सचा, बाईसाहेबांच्या खास हुकमतीखालचा, चवदा खोकी, अंकांच्या क्रमाने, दाराच्या पाठीमागे रचलेली. चौथा सुभा व्हिडिओ गेमचा, तो सामाईक, आणि सामाईक म्हणोन त्यात भांडणे फार.

या दौलतीचे सर्वांत मोलाचे ठाणे मात्र घरात नव्हते. ते रस्त्यापलीकडे, लाँड्रीच्या कोपऱ्यात होते. तेथे नाणे टाकून खेळावयाचे एक जुने यंत्र, पुरुषभर उंच, दोन माणसांस न उचलणारे, आणि त्याच्या पडद्यावर पहिल्या दहा खेळाडूंची यादी, आणि यादीच्या शिरोभागी अठ्ठ्याण्णव हजार सहाशे चाळीस गुण, आणि त्यापुढे बाईसाहेबांच्या नावाची तीन अक्षरे. हा पराक्रम त्यांनी सोळाव्या वर्षी केला, त्यास सव्वीस वर्षे जाहली, आणि अद्याप कोणी मायेचा पूत तेथवर पोचला नाही. (दुसऱ्या क्रमांकावर कोण आहे, हे या ठिकाणी लिहिण्याचे प्रयोजन नाही. फरक फक्त एकशेदहा गुणांचा होता आणि त्या दिवशी आम्हांस ताप होता.) आता भाचीबाई, यात हसण्यासारखे काही नाही. शाळेत बाईसाहेबांचा नंबर नेहमी चौथा, कारखान्यात बढती निघाली ती नेहमी शेजारच्या टेबलास, घरात त्या धाकट्या. आयुष्यात पहिल्या आल्या त्या एवढ्या एका ठिकाणी. आणि ते यंत्र असे जुन्या बनावटीचे की, वीज आहे तोवर यादी आहे. वीज गेली की यादी पुसली, जैसी कधी नव्हतीच.

मग सव्वीस वर्षे ती राहिली कशी? तर लाँड्रीवाले काका मोठे दिलदार. त्यांनी यंत्रास यूपीएस जोडून दिला, आणि त्याची बॅटरी तीनदा बदलिली ती भिंतीतली वीज चालू ठेवूनच. बाईसाहेब दर शनिवारी कपडे टाकावयास येत आणि कपड्यांकडे न पाहता आधी पडद्याकडे पाहत, हे त्यांनी पाहिले होते.

ऐसे असता एके बुधवारी या लाँड्रीवाल्या काकांकडून निरोप आला की, कोपऱ्यात कपडे सुकविण्याचे नवे यंत्र येते, शनिवारी सकाळी दहास गाडी दाराशी लागेल, त्याआधी खेळयंत्र घेऊन जावे, फुकट दिले, न नेल्यास भंगारवाला नेईल. हे वर्तमान ऐकोन बाईसाहेबांच्या हातची कपबशी सुटली, आणि त्या मटकन खाली बसल्या.

मग मसलत बसली. मेहुण्यांनी अर्ज केला की, यंत्र आणू, यादी गेली तर गेली, आधी तिचा फोटो काढून ठेवू. त्यावर बाईसाहेब ज्या नजरेने पाहत्या झाल्या ती आम्ही लिहू शकत नाही. बोलिल्या ते मात्र लिहितो: "लग्नाचा फोटो आहे कपाटात. म्हणून नवरा भंगारात देऊ का?" पुढे कोणी फोटोचे नाव काढिले नाही.

सबब ठरले ते असे. यंत्र यूपीएससकट, चालूच्या चालू आणावे. बॅटरी आता म्हातारी, काकांच्या अंदाजे बारा मिनिटे दम धरील. तेवढ्यात रस्ता ओलांडून, तीन पायऱ्या चढून, खोलीत नेऊन, खिडकीखाली मोकळ्या करून ठेविलेल्या सॉकेटात यूपीएसची पिन घालावी. मेहुण्यांकडे मापांचे खाते आले. हा मनुष्य सगळा जन्म दारे उघडण्यामिटण्याच्या कामात घालविलेला. त्याने टेप काढोन यंत्राची रुंदी घेतली, चौकटीची रुंदी घेतली, पुन्हा घेतली, आणि जाहीर केले की, दोन्ही बाजूंस दोन दोन बोटे जागा उरते, चिंता नसावी. आणि शुक्रवारी रिकाम्या फ्रिजच्या खोक्यानिशी दोन वेळा तालीम जाहली, ती रस्त्यापासून पायऱ्यांपर्यंत. तालीम दारापर्यंत का नेली नाही, असे आता सगळे एकमेकांस पुसतात.

शनिवारी सकाळी नवास फौज उभी राहिली. आघाडीस मेहुणे, यंत्रास पुढून ओढावयास; पिछाडीस बाईसाहेब आणि काका, ढकलावयास; आणि यूपीएस पोटाशी धरोन मेहुण्यांच्या बाजूने चालण्याची कामगिरी आम्हांकडे, कारण आमची पाठ दुखते. यंत्र कपड्यांच्या चाकगाडीवर चढविले. बाईसाहेबांनी एकवार पडदा पाहिला, आणि मेहुण्यांस हुकूम केला, आणि मेहुण्यांनी भिंतीतली पिन उपटली. यूपीएस ओरडला: टीं. पडदा जागच्या जागी. यादी जागच्या जागी.

मग स्वारी लाँड्रीतून निघोन रस्त्यावर दाखल जाहली, आणि काकांनी हात आडवा करोन एक बस थांबविली, आणि बसमधले लोक खिडक्यांतून पाहू लागले, आणि कोणी एक उतारू ओरडला, "अहो, चालू आहे की ते!" आणि बाईसाहेबांनी धापा टाकीत उत्तर दिले, "म्हणूनच तर!" मग एक चाक गटाराच्या झाकणात रुतले, ते काकांनी लाथ मारोन सोडविले, त्यात तीन मिनिटे खर्ची पडली. मग पायऱ्या. पहिली पायरी सुखरूप. दुसऱ्या पायरीस मेहुण्यांचे बोट चेंगरले, त्या समयी ते जे बोलिले ते आपल्या वयास योग्य नाही. तिसरी पायरी चढलो तेव्हा सात मिनिटे जाहली होती, आणि यूपीएस आता घाईने ओरडू लागला होता, आणि तरी सगळ्यांच्या तोंडावर हसू आले, कारण दार समोर होते.

मेहुणे पाठमोरे आत शिरले, त्यांमागे आम्ही शिरलो, आणि यंत्र निम्मे आत आले, आणि अडकले.

येथे घात कैसा जाहला तो ऐकावा. चौकटीचे माप बरोबर होते, बोटभर चूक नाही. परंतु दाराच्या पाठीमागे चवदा खोकी कॉमिक्स! त्यांमुळे ते दार अठरा वर्षांत कधी पुरते उघडलेच नव्हते. चारांपैकी तीन हिस्से उघडे आणि खोक्यांस टेकून थांबे, आणि उभयतांच्या मनाने केव्हाच घेतले होते की, दार म्हणजे एवढेच उघडावयाची वस्तू. घरात राहणारास ते दिसेना, आणि पाहुण्यास वाटे, असेल यांची पद्धत. आता यंत्र चौकट आणि दार यांमध्ये असे बसले की पुढे हलेना, मागे हलेना. बाईसाहेब आणि काका बाहेर, मेहुणे आणि आम्ही आत, आणि मध्ये ते धूड.

खिडकीखालचे सॉकेट पंधरा हात दूर, आणि आमच्या यूपीएसची वायर हातभर. घरात एक्स्टेन्शन बोर्ड पाच, पाचही कपाटांमागे कामात गुंतलेले. आणि यूपीएस आता थांबून थांबून ओरडत नव्हता, एकसारखा रडत होता, आणि बाहेरून बाईसाहेब, "लावलं का? दादा, लावलं का रे?" ऐसे पुसत होत्या.

हाताशी सॉकेट एकच होते, दाराला लागून, आणि त्यात एक पिन होती, आणि पिनेच्या वर मेहुण्यांच्या अक्षरात चिठ्ठी: हात लावू नये. ही पिन कशाची, तर मेहुण्यांच्या लहानपणच्या व्हिडिओ गेमची. तो खेळ असा की त्यात मध्येच राखून ठेवण्याची सोय नाही. सुरू केला की शेवटापर्यंत न्यावा, नाहीतर पहिल्यापासून. मेहुण्यांनी तो बाराव्या वर्षापासून कित्येकदा आरंभिला आणि शेवट कधी पाहिला नाही. या खेपेस तो खेळ रात्रंदिवस चालू ठेवून, कामावर जाताना विराम देऊन, दहा दिवस लढत ते शेवटल्या दरवाजापाशी येऊन पोचले होते, आणि त्या रविवारी सुट्टी काढून दरवाजा फोडावयाचा बेत होता.

मेहुण्यांनी चिठ्ठीकडे पाहिले. मग टीव्हीकडे पाहिले, तेथे तो चिमुकला शिपाई दरवाजासमोर तलवार उपसून उभा होता. मग त्यांनी आमच्याकडे पाहोन ओठांवर बोट ठेविले, आणि आपली पिन उपटली, आणि आमची घातली. यूपीएस गप्प जाहला. टीव्ही काळा जाहला.

आम्ही ओरडलो, "लागलं! आहे, आहे, यादी आहे!" बाहेर बाईसाहेब आणि लाँड्रीवाले काका एकमेकांस टाळ्या देऊन नाचू लागले, तो आवाज आम्ही दोघांनी आतून ऐकिला. मेहुणे भिंतीस टेकून उभे होते. "बरं झालं," असे म्हणाले, आणि चेंगरलेले बोट तोंडात घातले.

पुढे खोकी हलविणे आले. बाईसाहेब बाहेरून फर्मान सोडीत होत्या की, "क्रम मोडू नका! सातवं आठव्याच्या खाली नको!" आणि त्या फर्मानाबरहुकूम चवदा खोकी दुसऱ्या खोलीत नेण्यास आम्हांस तासभर लागला, आणि आमच्या पाठीचे काय जाहले ते पुसणारे कोणी नाही. मग दार अठरा वर्षांनी पुरते उघडले, आणि त्यामागून एक चप्पल आणि हरवलेली तबकडी निघाली, आणि यंत्र आपल्या जागी दाखल जाहले. बाईसाहेब आत येऊन त्यापुढे उभ्या राहिल्या. यादी फिरत फिरत वर आली, तीन अक्षरे दिसली, आणि बाईसाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. त्या रडल्या. आम्हीही रडलो, ते पाठीमुळे.

डोळे पुसताना त्यांची नजर काळ्या टीव्हीवर गेली. "हा का बंद? तुझा गेम?"

"संपला," मेहुणे म्हणाले. "काल संपवला. जिंकलो. तुझी धावपळ चालली होती, म्हणून बोललो नाही."

बाईसाहेबांनी दाराजवळच्या सॉकेटाकडे पाहिले, त्यातल्या पिनेकडे पाहिले, आणि मेहुण्यांकडे पाहिले.

आता भाचीबाई, एक गोष्ट आपल्या काकांस, म्हणजे मेहुण्यांस, ठाऊक नाही, ती येथे लिहितो आणि हा कागद त्यांच्या हाती पडू देऊ नये. तो खेळ बाईसाहेबांनी चवदाव्या वर्षी शेवटापर्यंत नेला होता. शेजारी आम्ही बसलो होतो. शेवट म्हणजे काय, तर काळा पडदा, त्यावर "शाबास" एवढा एक शब्द, आणि पुन्हा पहिला टप्पा. आम्ही दोघे अर्धा तास वाट पाहत बसलो की आणखी काही येईल. नवऱ्याचा हिरमोड नको म्हणोन लग्नानंतर ही गोष्ट त्यांनी कधी काढिली नाही.

त्या संध्याकाळी तिघे चहा घेत बसलो असता बाईसाहेबांनी आपण होऊन विचारिले, "सांग ना, शेवटी काय होतं?" मेहुण्यांनी कप खाली ठेविला. मग सांगू लागले की, दरवाजा फुटतो, आणि आत एक दरबार लागतो, आणि सिंहासनावर म्हातारी राणी, आणि ती उठून शिपायास आपली तलवार देते, आणि बाहेर सगळे गाव जमलेले असते, आणि वाद्ये वाजतात, आणि ड्रम तर असे की काय सांगू. सांगता सांगता त्यांस रंग चढला, हातवारे होऊ लागले, चहा निवून गेला. बाईसाहेब हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या. एके ठिकाणी मेहुणे अडखळले, पुढे काय ते सुचेना, तेव्हा त्यांनी हळूच विचारिले, "आणि मग तो पूल कोसळतो का रे?"

"कोसळतो ना!" मेहुणे म्हणाले. "अगं, कोसळतोच!" आणि गोष्ट पुन्हा चालू लागली.

त्या खेळात पूल नाही.

येणेप्रमाणे शनिवारची मोहीम फत्ते जाहली. यंत्र दाखल. वीज अखंड. यादीच्या शिरोभागी बाईसाहेब, अठ्ठ्याण्णव हजार सहाशे चाळीस. मेहुण्यांनी शेवटला दरवाजा फोडिला, राणीने तलवार दिली, पूल कोसळला. आम्ही साक्षीस हजर होतो, आणि सर्व खरे म्हणोन दप्तरी नोंदिले असे.